वाळीत कोणाला टाकायचं? गुपित, बहिष्कार आणि एकोणिसाव्या शतकातलं पुणे

आजची सुरुवात थोडी लांबून, नॉर्वेतून करू या.

नॉर्वेच्या लेखिका सिग्रिड उंडसेट यांना 1928 साली साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. चौदाव्या शतकातल्या नॉर्वेवर त्यांनी एक मोठी कादंबरीमाला लिहिली. तिच्या पहिल्या भागावर लिव उलमान या दिग्दर्शिकेने 1995 मध्ये 'क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर' हा चित्रपट केला. कथा साधी आहे. एका खानदानी जमीनदाराची लाडकी मुलगी. वडिलांनी तिचं लग्न ठरवलेलं, पण तिचा जीव दुसऱ्यावर जडतो. हा दुसरा माणूस परक्याच्या बायकोबरोबर राहिला म्हणून चर्चने त्याला पूर्वी बहिष्कृत केलेलं असतं. शेवटी वडील नाइलाजाने याच लग्नाला संमती देतात. लग्नाच्या दिवशी क्रिस्टिनच्या डोक्यावर कुमारिकेचा मुकुट असतो आणि पोटात मूल असतं. वडिलांना हे कळतं, आणि त्याच रात्री तिची आई नवऱ्याला स्वतःच्या तरुणपणाचं एक गुपित सांगते. इतकी वर्षं ते तिने मनात दाबून ठेवलेलं असतं.

हे सगळं बघताना मराठी माणसाला परकं वाटायचं काही कारण नाही. भाषा वेगळी, बर्फ वेगळं, पण घर तेच. घरात एक गुपित असतं, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं, आणि जोपर्यंत कोणी बोलत नाही तोपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

आपल्याकडे हाच प्रश्न सर्वांत धारदार झाला तो एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट आज मांडायची आहे. वाळीत टाकण्याची शिक्षा कृत्याला नव्हती, कृत्य उघड होण्याला होती. ही एक किल्ली हाती आली की त्या काळातल्या बऱ्याच घटना नीट उलगडतात.

बहिष्कार म्हणजे वेढा

आधी वाळीत टाकणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते समजून घेऊ. पांढरपेशा समाजात त्याला 'ग्रामण्य' म्हणत. पंक्तीत पान मांडायचं नाही, भटजींनी घरात पाऊल टाकायचं नाही, मुलामुलींच्या सोयरिकी बंद. इतर समाजांत न्हावी बंद, परीट बंद, पाणवठा बंद, मयताला खांदा बंद. मी राहतो त्या दिल्लीच्या आसपास, हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात, याला 'हुक्का-पानी बंद' म्हणतात. शब्द बदलला तरी डाव तोच.

आम्हा फौजी माणसांना ही पद्धत चांगली ओळखीची आहे. किल्ल्यावर हल्ला न करता किल्ला घ्यायचा असेल तर वेढा घालतात आणि रसद तोडतात. एकही गोळी झाडावी लागत नाही. आतली माणसं आपणहून दार उघडतात, किंवा आतल्या आत एकमेकांवर उलटतात. बहिष्काराचं खरं बळ या दुसऱ्या गोष्टीत होतं. शिक्षा एका माणसाला नव्हती, त्याच्या भावाला, आईला, लग्नाच्या बहिणीला होती. त्यामुळे गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला दाबायचं काम गावाला करावंच लागत नसे. घरचेच ते करत.

आणि म्हणूनच घरात गुपितं जन्माला येत. बाहेर कळलं तर सगळं घर बुडणार, मग कळू द्यायचं नाही. त्यासाठी काय करावं लागलं, ते ऐकायला जड जातं.

काशीबाईचा खटला

पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे नावाचे गृहस्थ होते, इनाम कमिशनमध्ये नोकरीला. ते महात्मा जोतीराव फुल्यांचे मित्र. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय झाले, ते फसले. ती बाळंत झाली, मुलगा झाला. बदनामीच्या भयाने तिने त्या बाळाला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं. खटला चालला आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही सगळी हकीकत खुद्द फुल्यांनी 1884 साली मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना लिहून ठेवली आहे.

आता या हकीकतीत कोणाचं काय झालं ते बघा. बाळ गेलं. आई अंदमानात गेली. शास्त्रीबुवांना शिक्षा झाल्याची नोंद या हकीकतीत नाही. त्या बाईने खून केला हे खरंच आहे, पण तो का केला याचं उत्तर वेढ्यात आहे. मूल जगलं असतं तर ते गुपिताचा चालता-बोलता पुरावा झालं असतं.

1863 च्या सुमारास फुल्यांनी यावर जो उपाय काढला, त्याची खरी हुशारी आपण बरेचदा लक्षात घेत नाही. आपण 'बालहत्या प्रतिबंधक गृह' हे नाव पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे जातो. त्यांनी केलं काय? स्वतःच्या घराच्या आवारात जागा केली. ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर छापील जाहिराती चिकटवल्या. मजकुराचा आशय असा, की विधवांनो, इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचं की इथेच ठेवायचं, ते तुमच्या मर्जीवर.

गुपचूप हा त्यातला कळीचा शब्द. फुल्यांनी त्या बायकांना चव्हाट्यावर येऊन सत्य सांगा असं म्हटलं नाही. नाव काय, बाप कोण, असं विचारलं नाही. समाजाने गुपित हे हत्यार केलं होतं. फुल्यांनी तेच गुपित त्या बाईच्या बाजूने ढालीसारखं धरलं. वेढ्यातल्या माणसाला भाषण नको असतं, बाहेर पडायला एक चोरवाट हवी असते. ती त्यांनी दिली. आणि ही जागा सांभाळणारी, बाळंतपणं निभावणारी व्यक्ती होती सावित्रीबाई. माळी समाजातल्या एका बाईने ब्राह्मण विधवांची बाळंतपणं करायची, आणि तेही पुण्यात, ही किती मोठी गोष्ट आहे याचा विचार करा.

त्याच 1884 च्या लिखाणात फुल्यांनी आकडे दिले आहेत. तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली. तीस दगावली. कारणही त्यांनी लिहिलं आहे. पोटात असतानाच त्या मुलांवर विषारी औषधांचे प्रयोग झाले होते. म्हणजे या बायका फुल्यांच्या दारात शेवटचा उपाय म्हणून आल्या. त्याआधी घरात सगळं करून झालं होतं. पस्तिसातली पाच हा आकडा त्या संस्थेच्या अपयशाचा नाही. वेढा किती आवळलेला होता त्याचं ते माप आहे.

पुढे 1875 मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अशीच संस्था निघाली. तीर्थाच्या गावी तिची गरज का पडली असेल, हे सांगायला नको. यात्रेला निघालेल्या बाईला गावात कोणी काही विचारत नाही.

कायदा काय म्हणत होता

इथे कोणी विचारेल, की 1856 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता ना? झाला होता. पण त्याच कायद्याचं दुसरं कलम असं, की विधवेने पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क जाई. आता त्याच्याशेजारी 1880 चा एक निकाल ठेवा. आसामातला मणिराम कोलिता खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निकाल असा लागला, की विधवेला नवऱ्याची मालमत्ता एकदा मिळाल्यावर पुढे तिचे कोणाशी संबंध आले, तरी तेवढ्यामुळे ती मालमत्ता काढून घेता येत नाही.

दोन्ही एकत्र वाचा. चोरून संबंध ठेवले तर जमीन राहते. उघडपणे, सप्तपदी घालून लग्न केलं तर जमीन जाते. समाजाचा जो अलिखित नियम होता, तोच कायद्याच्या कागदावरही उमटला.

1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी चिखलफेक सुरू झाली ती थांबेना. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापलं. त्यांचा रोख असा होता, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? असतील तर शिक्षा एकटीलाच का? पुस्तकावर इतकी टीका झाली की फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं, आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मधली नव्वदहून जास्त वर्षं ते जवळपास कोणाच्या हाती नव्हतं. पुस्तकालाही वाळीत टाकता येतं.

चहाचा पेला आणि छापील यादी

माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा लग्नाचा नाही, चहाचा आहे. ऑक्टोबर 1890. पुण्यातल्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर चहा-बिस्किटं आली. मंडळी शहरातली नामांकित होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरला. घरी गेले. काही झालं नाही. कोणी विटाळलं नाही, कोणाचं पान पंक्तीतून उठलं नाही.

मग डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी, जे या सगळ्या प्रकारामागे होते, त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. त्या दिवसापासून तो गुन्हा झाला. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यासाठी त्यांच्यावर टीका झाली. चहा तोच होता. फरक एका छापील यादीचा.

कर्व्यांनी लपवलं नाही

आता दुसरा मार्ग. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिली पत्नी वारली होती. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं. त्यांच्या स्नेह्यांची, नरहरपंत जोशींची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले.

लग्न कायदेशीर होतं, लपवाछपवी नव्हती. आणि नेमकं म्हणूनच कोकणातलं त्यांचं गाव, मुरूड, खवळलं. ज्या सभेत कर्वे बसतील तिथे कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्या घरावरही बहिष्कार, असे ठराव झाले. ज्या माणसाने गावाच्या भल्यासाठी 'मुरूड फंड' उभा केला, त्याला स्वतःच्या आईच्या घरात नीट राहता येईना. मघाशी म्हटलं तो वेढा हाच. कर्वे पुण्यात नोकरीला होते, त्यांच्यापर्यंत गावाचा हात पोचत नव्हता. आईपर्यंत पोचत होता.

कर्व्यांनी गुपिताला नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. त्यांच्या मागे फर्ग्युसनची नोकरी होती, मित्र होते, आणि मुख्य म्हणजे ते पुरुष होते. काशीबाईपाशी यातलं काहीच नव्हतं. म्हणून मी फुल्यांची चोरवाट आणि कर्व्यांचा राजरस्ता यांची तुलना करून एकाला थोर आणि दुसऱ्याला कमी ठरवत नाही. ज्याच्याकडे बळ आहे त्याने उघड उभं राहावं, आणि ज्याच्याकडे नाही त्याला आडोसा द्यावा. दोन्ही कामं लागतात. वेढा फोडायला बाहेरून कुमक लागते आणि आतल्यांना तोवर जिवंतही ठेवावं लागतं.

यशवंत

फुल्यांच्या त्या घरात जन्मलेल्या एका मुलाला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुल्यांनी 1887 साली मृत्युपत्र केलं आणि त्यात यशवंतला वारस ठरवलं. ज्या मुलाचं अस्तित्वच पुसायचा समाजाचा प्रयत्न असतो, त्याचं नाव त्यांनी सरकारी कागदावर, वारस म्हणून लिहिलं. त्याच्या लग्नाच्या वेळी त्याचा जन्म आडवा आला, पण 1889 मध्ये ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली आणि सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं.

1890 साली जोतीराव गेले. अंत्यविधीचा मान दत्तक मुलाला आहे की नाही, यावरून वाद निघाला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या.

यशवंत डॉक्टर झाला आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होता. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पस्तिसातल्या वाचलेल्या पाचांपैकी एकाने पुढे किती जणांचे प्राण वाचवायला हात लावला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

इथे नॉर्वेकडे पुन्हा एकदा बघू. योहान कास्टबर्ग यांच्या नावाने ओळखले जाणारे कायदे 1915 मध्ये तिथे मंजूर झाले. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला बापाचं नाव आणि बापाच्या मालमत्तेत वारसा मिळाला. त्या काळच्या युरोपात हे फार पुढचं पाऊल होतं. पुण्यात एका माणसाने हेच तत्त्व आपल्या घरापुरतं 28 वर्षं आधी अमलात आणलं होतं.

टिळक मार्गावरचा निकाल

बहिष्कार टाकणाऱ्यालाच गुन्हेगार धरायचं, ही कल्पना मात्र आपल्या कायद्यात फार उशिरा आली. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला. त्याविरुद्ध दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सर्वोच्च न्यायालयात गेले. 1962 साली दिल्लीत निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरला, कारण धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाचा अंतर्गत अधिकार मानला गेला. विरोधी मत दिलं ते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी. बहिष्कृत माणसाची प्रतिष्ठा हिरावली जाते, हा त्यांचा भर होता. हे प्रकरण अजून संपलेलं नाही. 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते आणखी मोठ्या पीठाकडे सोपवलं. सर्वोच्च न्यायालय दिल्लीत ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव टिळक मार्ग. चहाच्या पेल्यापायी ज्यांच्यावर ग्रामण्य झालं, तेच टिळक.

महाराष्ट्रात पुन्हा हालचाल झाली ती 2013 नंतर. नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं आणि जुलै 2017 पासून कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेढा घालणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची सोय पुन्हा झाली.

पण कायदा गावच्या बैठकीपर्यंत पोचतो, घराच्या माजघरापर्यंत पोचत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी छापील कुलवृत्तांत असतील. त्यात पुरुषांची नावं, हुद्दे, गावं तपशिलाने येतात. मधेच एखादी आत्या, एखादी काकू नुसत्या एका ओळीत संपते किंवा येतच नाही. एखादा भाऊ देशोधडीला गेला, एवढंच लिहिलेलं असतं. आज ती माणसं हयात नाहीत. त्यांना वाळीत टाकणारेही नाहीत. वेढा उठून शंभर वर्षं झाली, तरी आपण दारं लावून बसलो आहोत.

माझं सांगणं एवढंच. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, की ती आत्या कोण होती? तिचं पुढे काय झालं? ऐका, लिहून ठेवा. आणि हयात असलेल्या कोणाला त्या लिखाणाचा त्रास होणार असेल, तर फुल्यांची रीत आठवा. नाव झाकून ठेवा, पण माणूस पुसू नका.

पुढच्या भागात आपण शारदा सदन आणि पंडिता रमाबाईंकडे वळू. तोपर्यंत, नमस्कार. जय हिंद.